आठ मिलिमीटरची फट : व्रोत्सवाफमधील मज्जारज्जू-जोडणीचे प्रकरण

रुग्ण ३८ वर्षांचा पुरुष. २०१० मध्ये पाठीवर चाकूचे वार झाले आणि छातीच्या नवव्या मणक्याच्या वरच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला. डाव्या बाजूला दोन टोकांमध्ये ८ मिलिमीटरची फट पडली, उजव्या बाजूला व्रणऊतकाची एक पातळ पट्टी तेवढी शिल्लक राहिली. पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे २०१२ मध्ये पावेल ताबाकोव यांच्या पथकाने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. पेशींमागचे मूळ संशोधन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जेफ्री रेझमन यांचे. २०१४ मध्ये 'सेल ट्रान्सप्लांटेशन' या नियतकालिकात अहवाल आला आणि जगभरच्या बातम्यांत 'स्टेम सेलने पांगळा चालू लागला' अशा छापाचे मथळे झळकले. या मथळ्यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात : वापरलेल्या पेशी स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, नव्हत्या आणि 'चालू लागला' या शब्दांमागे बरेच काही दडले आहे. तरीही तुटलेली चेतासंस्था पेशींच्या मदतीने जोडण्याचा प्रयत्न नेमका कसा करतात आणि त्यात काय काय बिघडू शकते, हे समजून घ्यायला याइतके तपशीलवार प्रकरण क्वचितच हाती लागते.

शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती

जखमेनंतर २१ महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा रुग्ण अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनच्या मोजपट्टीवर 'ए' श्रेणीत होता. या मोजपट्टीत 'ए' ते 'ई' अशा पाच पायऱ्या आहेत. 'ए' म्हणजे संपूर्ण इजा : मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या, गुदद्वाराभोवतीच्या खंडांत स्पर्शाची जाणीव नाही आणि स्नायूची ऐच्छिक हालचालही नाही. 'बी' मध्ये खाली संवेदना असते, हालचाल नसते. 'सी' मध्ये इजेच्या पातळीखाली थोडी हालचाल असते, पण निम्म्याहून अधिक प्रमुख स्नायूंची ताकद ५ पैकी ३ च्या खाली, म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव पूर्ण उचलता येत नाही इतकी कमी. 'डी' मध्ये निम्मे किंवा अधिक स्नायू ३ किंवा त्याहून वर असतात. 'ई' म्हणजे तपासणीत सगळे सामान्य.

इथे २१ महिन्यांचा आकडा फार महत्त्वाचा आहे. मज्जारज्जूला मार बसल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सूज उतरते, धक्क्याने बधिर झालेले पण जिवंत असलेले तंतू पुन्हा काम करू लागतात, आणि काही रुग्ण कोणत्याही खास उपचाराविना 'ए' मधून 'बी' किंवा 'सी' मध्ये जातात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पेशी टोचल्या आणि सहा महिन्यांनी सुधारणा दिसली, तर श्रेय पेशींचे की निसर्गाचे हे एका रुग्णावरून सांगताच येत नाही. वर्षानंतर अशी आपोआप होणारी सुधारणा दुर्मीळ होते. शिवाय या रुग्णाचा शस्त्रक्रियेपूर्वी अनेक महिने कसून व्यायाम करून घेतला गेला आणि त्याने काहीही बदलले नाही. हा पूर्वव्यायाम रुग्णाच्या तयारीसाठी तर होताच, पण पुढच्या निष्कर्षाला आधार द्यायलाही तो लागतो : तोच माणूस, तोच व्यायाम, फरक फक्त शस्त्रक्रियेचा. नियंत्रण गट नसताना इतकी तरी खबरदारी घेतलेली बरी.

हातातली चेता जुळते, पाठीतली का नाही

मनगटाजवळ कापलेली चेता शिवली तर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाढत पुढे जातात. त्यामागे परिघातल्या चेतातंतूंना वेष्टून असणाऱ्या श्वान (Schwann) पेशींचे काम असते. तंतू तुटला की त्याचा पुढचा भाग मरतो, श्वान पेशी त्याचा कचरा साफ करतात, मग आपापल्या नळीत एका रांगेत उभ्या राहतात, वाढीचे घटक स्रवतात आणि वरून येणाऱ्या नव्या टोकाला वाट देतात.

मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथे तंतूंवरचे मायलिन या चरबीयुक्त द्रव्याचे वेष्टन ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी घालतात आणि त्या वेष्टनात नोगो-ए सारखी वाढ रोखणारी प्रथिने असतात. कचरा साफ व्हायला महिने लागतात. त्याच वेळी चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी फुगून, एकमेकींत गुंतून जखमेच्या कडा बंद करतात. हा ग्लायल व्रण खरे तर संरक्षणासाठी असतो. सूज आणि संसर्ग निरोगी भागात पसरू नये यासाठीची ती तटबंदी आहे. पण तिच्यातील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन या रेणूंपाशी वाढते टोक थबकते, सुजते आणि तिथेच अडकून पडते.

म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या तंतूंत वाढण्याची शक्तीच नसते असे नाही. सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट आग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदरांत परिघीय चेतेचा तुकडा मज्जारज्जूला पूल म्हणून जोडला, तेव्हा मध्यवर्ती चेतासंस्थेचे तंतू त्या तुकड्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढत गेले. पंचाईत झाली ती पलीकडच्या टोकाला. तंतू पुलावर चढले, पूल ओलांडला, आणि पुन्हा मज्जारज्जूत शिरायच्या ठिकाणी थांबले. श्वान पेशी आणि ॲस्ट्रोसाइट यांचे जमत नाही. दोघी आपापली हद्द आखून बसतात. पूल बांधता येतो, पण उतरायला रस्ता नसतो. व्रोत्सवाफमधील सारी योजना या उताराभोवती रचलेली आहे.

नाकातली अपवादात्मक जागा

प्रौढ शरीरात एका जागी मात्र परिघातले तंतू आयुष्यभर मध्यवर्ती चेतासंस्थेत नव्याने शिरत राहतात. ती जागा म्हणजे नाकाचे छत. गंध ओळखणाऱ्या चेतापेशी हवेच्या संपर्कात असल्यामुळे सतत मरतात आणि त्याच अस्तराच्या तळाशी असलेल्या मूलपेशींपासून नव्या तयार होतात. प्रत्येक नवी पेशी आपला तंतू चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून वर पाठवते आणि तो मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात जाऊन जोडला जातो. या संपूर्ण वाटेवर तंतूंच्या जुड्यांना कवेत घेणाऱ्या खास पेशी असतात. त्यांना घ्राण-आवरण पेशी म्हणू. रेझमन यांनी १९८५ मध्ये या पेशींची खास रचना वर्णिली आणि त्यांचे ॲस्ट्रोसाइटशी जमते हे दाखवून दिले : त्या समोर आल्या की ॲस्ट्रोसाइट दार बंद करत नाहीत, तर वाट मोकळी ठेवतात. १९९७ मध्ये त्यांच्याच गटाने उंदरांत तुटलेल्या मेंदू-मज्जारज्जू मार्गात या पेशी टोचून तंतू वाढल्याचे 'सायन्स'मध्ये नोंदवले.

म्हणजे नाकात मूलपेशी आहेत खऱ्या, पण या शस्त्रक्रियेत हव्या होत्या त्या नव्या चेतापेशींना वाट दाखवणाऱ्या त्यांच्या सोबतिणी. नवी चेतापेशी बनवणे हा हेतू नव्हताच. पायांकडे जाणारे मूळ तंतू ज्या पेशींचे, त्या मेंदूत धडधाकट होत्या. तुटली होती ती त्यांची लांबलचक शेपटी. मज्जारज्जूच्या इजेवरील पेशी-उपचारांचा विचार करताना हा भेद पहिल्यांदा करायला हवा, कारण कोणती पेशी, किती आणि कुठे टोचायची हे त्यावरून ठरते.

पेशी मिळवणे

घ्राण-आवरण पेशी दोन ठिकाणी मिळतात : नाकाच्या आतल्या अस्तरात आणि घ्राणकंदात. अस्तराचा तुकडा काढणे सोपे. नाकातून दुर्बीण घालून काम होते. याच पथकाने त्याआधी तीन रुग्णांवर अस्तरातील पेशी वापरून सुरक्षिततेची चाचणी केली होती. या रुग्णाला मात्र नाकात जुनाट सायनसदाह आणि पॉलिप होते, त्यामुळे अस्तर वापरण्याजोगे नव्हते. तेव्हा कवटी उघडून दोनपैकी एक घ्राणकंद काढण्याचा निर्णय झाला. प्राण्यांवरील प्रयोगांत कंदातील पेशींचे निकाल अधिक भरवशाचे होते, हेही त्या बाजूने होते. तरी निर्णय हलका नव्हे. पाठीच्या इजेसाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची, म्हणजे रक्तस्राव, मेंदूभोवतीच्या द्रवाची गळती, मेनिंजायटिस आणि एका नाकपुडीचा वास कायमचा जाणे हे सगळे धोके पत्करायचे. प्रत्यक्षात एकतर्फी वास कायमचा गेला नाही, आणि त्याचे पथकालाही आश्चर्य वाटले.

काढलेला कंद विकरांनी विरघळवून पेशी सुट्या केल्या जातात आणि ताटलीत वाढवल्या जातात. इथली पहिली अडचण म्हणजे मिश्रण. कंदातून आवरण पेशींबरोबर घ्राणचेतेचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतक बनवणाऱ्या पेशीही येतात आणि ते ताटलीत भराभर वाढतात. जितके जास्त दिवस वाढवावे तितके एकूण पेशी वाढतात खऱ्या, पण त्यांतील आवरण पेशींचा वाटा घसरत जातो. फायब्रोब्लास्ट पूर्णपणे काढून टाकणे हाही उपाय नाही, कारण ते जो आधारद्रव्याचा सांगाडा विणतात त्यावर आवरण पेशी नीट पसरतात. व्रोत्सवाफच्या पथकाने दोन्हींचे मिश्रणच वापरले. वाढवण्यासाठी सुमारे दोन आठवडे मिळाले आणि हाती आल्या साधारण ५ लाख पेशी, म्हणजे द्रवाचा जेमतेम एक थेंब.

हा आकडा किती तुटपुंजा आहे हे तुलनेने कळेल. चरबीतून काढलेल्या मेसेन्कायमल (एका प्रकारच्या मूल) पेशी मज्जाद्रवात टोचण्याच्या अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या चाचणीत प्रत्येक रुग्णाला १० कोटी पेशी दिल्या गेल्या. पण तिथे पेशी मज्जाद्रवात सोडून द्यायच्या होत्या, दूरवरून स्राव पाठवायला. इथे त्या तुटलेल्या टोकांत नेमक्या रोवायच्या होत्या. संख्या पाहून उपचाराचा दर्जा ठरवू नये तो यासाठी.

मुख्य शस्त्रक्रिया

मणक्याची मागची कमान काढून, मज्जावरण उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली व्रण गाठला गेला. पुढचे काम तीन भागांचे होते.

पहिला भाग व्रण कापून काढण्याचा. मज्जारज्जूची निरोगी टोके दोन्ही बाजूंना उघडी पडेपर्यंत घट्ट पांढरे ऊतक काढावे लागते. ही पायरी फक्त 'ए' श्रेणीतच क्षम्य ठरते. अपूर्ण इजेत व्रणाच्या कडेने काही तंतू जिवंत असतात आणि एखादा मिलिमीटर जास्त कापला की रुग्णाकडे जे होते तेही जाते. वरच्या बाजूला जास्त कापले तर इजेची पातळी वर सरकते. छातीच्या खालच्या भागात एक-दोन खंड वर सरकणे सोसते, मानेत तोच प्रकार हाताची पकड किंवा श्वास हिरावून घेऊ शकतो. म्हणून अशा पहिल्यावहिल्या चाचण्या बहुधा छातीच्या पातळीवर करतात.

दुसरा भाग पेशी टोचण्याचा. फटीच्या वर आणि खाली मिळून सुमारे १०० सूक्ष्म टोचण्या दिल्या गेल्या. ५ लाखांना १०० ने भागले तर एका जागी सरासरी ५,००० पेशी. एकाच जागी सगळा थेंब का सोडत नाहीत? कारण मज्जारज्जूत मोकळी जागा नसते. एका ठिकाणी जास्त द्रव ढकलला की ऊतक फाटते, पोकळी तयार होते, किंवा सुई बाहेर काढताना द्रव त्याच मार्गाने परत वर येतो आणि पेशी पृष्ठभागावर वाहून जातात. घाई केली तर दाबानेच पेशी मरतात. पेशींचा द्रव फार वेळ नळीत उभा राहिला तर त्या तळाशी बसतात, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या टोचणीत संख्या सारखी राहत नाही. शंभर जागा, प्रत्येक ठिकाणी अत्यल्प द्रव, सावकाश सोडणे, सुई क्षणभर तशीच ठेवून मग काढणे : कंटाळवाणे काम, पण यश-अपयश इथेच ठरते. दोन्ही टोकांना टोचण्याचे कारण वर आलेच आहे. वरच्या टोकाला तंतूंना पुलावर चढायला वाट हवी आणि खालच्या टोकाला उतरायला. खालून येणाऱ्या संवेदनातंतूंसाठी हेच उलट दिशेने लागू होते.

तिसरा भाग पुलाचा. रुग्णाच्याच घोट्याजवळून सुरल चेतेचा तुकडा घेऊन त्याच्या चार पट्ट्या ८ मिलिमीटरच्या फटीत ठेवल्या गेल्या, बहुतेक डाव्या बाजूला. परिघीय चेतांच्या जोडणीतही हीच चेता सर्वाधिक वापरतात : ती लांब असते, वरवर असते आणि काढली तर पायाच्या बाहेरच्या कडेला बधिर पट्टा राहतो, याहून मोठे नुकसान होत नाही. स्वतःचीच असल्याने शरीर ती नाकारत नाही आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लागत नाहीत. पट्ट्या पातळ ठेवण्यामागेही कारण आहे. कलमाला पहिले काही दिवस रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर आतल्या श्वान पेशी तग धरतात. जाड तुकड्याचा गाभा तेवढ्यात मरतो. शिवाय पट्टीच्या तोंडाचा मज्जारज्जूच्या कापलेल्या पृष्ठभागाशी सपाट संपर्क हवा. मध्ये रक्ताची गुठळी किंवा मज्जाद्रवाचा थर राहिला तर तिथे नवा व्रण धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

पुढचे महिने

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला पाच तास, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम चालू राहिला. पहिली खूण साधारण तीन महिन्यांनी दिसली : डाव्या मांडीचा स्नायू भरू लागला. सहा महिन्यांच्या सुमारास पायांना आधारपट्ट्या बांधून, समांतर दांड्या धरून, फिजिओथेरपिस्टच्या मदतीने पहिली पावले पडली. १९ महिन्यांच्या तपासणीत रुग्ण 'ए' वरून 'सी' वर आलेला होता. धड स्थिर राहू लागले होते, पायांची काही ऐच्छिक हालचाल आली होती, वरवरची आणि खोल संवेदना अंशतः परतली होती आणि डाव्या पायातील रक्तवाहिन्यांचे नियमनही सुधारले होते. मूत्राशय व आतड्यांची काही जाणीव आली. दोन वर्षांनी तो चौकटीच्या आधाराने केंद्राबाहेर चालत होता. कलम केल्याचा कोणताही दुष्परिणाम तोवर आढळला नाही.

'सी' श्रेणीचा अर्थ इथे पुन्हा आठवावा. चौकट आणि आधारपट्ट्या यांच्या जोरावर टाकलेली पावले व्हीलचेअरची गरज संपवत नाहीत. रोजच्या जगण्यात मूत्राशयाची जाणीव आणि बसताना धडाचा तोल यांचे मोल पावलांपेक्षा जास्त असू शकते. मज्जारज्जूची इजा झालेल्यांसाठी काम करणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. बातम्यांचा कॅमेरा मात्र पायांवरच राहतो.

वेळापत्रक तंतूंच्या वाढीशी जुळते का? मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यामुळे पायांचे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या आसपासच असतात, म्हणजे या जखमेपासून अवघ्या काही सेंटिमीटरवर. दिवसाला १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी वेग धरला तरी तीन ते सहा महिने हा हिशेब बसतो. मानेतील इजेत पायांपर्यंतचे अंतर कित्येक पटींनी वाढते. नवव्या मणक्यावर जे जमले ते पाचव्या ग्रीवामणक्यावर तसेच जमेल, असे म्हणता येत नाही ते यामुळे. दुसरी शक्यताही आहे : तंतूंनी पूर्ण अंतर न कापता फटीच्या लगेच खाली असलेल्या जोडपेशींना गाठले आणि त्यांनी संदेश पुढे पोचवला. प्राण्यांत असे वळणमार्ग तयार होतात हे दाखवले गेले आहे.

श्रेय कोणाला

अहवालाची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे बाजूंची संगती. पट्ट्या मुख्यतः डावीकडे ठेवल्या, चित्रणात मज्जारज्जूची डावी बाजूच सांधलेली दिसली, आणि स्नायू भरला तो डाव्या मांडीचा. हालचालीचा मुख्य मार्ग मेंदूच्या तळाशीच बाजू बदलतो, त्यामुळे मज्जारज्जूत डावी बाजू डाव्याच पायाला पोचते. नुसत्या व्यायामाचा परिणाम असता तर तो एका बाजूला इतका झुकण्याचे कारण नव्हते. चेता-शरीरक्रियाशास्त्रीय तपासणीत मेंदूकडून येणारा मार्ग पुन्हा जोडला गेल्याच्या आणि स्नायूंचे आकुंचन ऐच्छिक असल्याच्या खुणा मिळाल्या. हे दुसरे महत्त्वाचे, कारण इजेखालच्या मज्जारज्जूची स्वतःची प्रतिक्षिप्त आकुंचने असतात आणि पाय उडतो म्हणून तो हलवला असे होत नाही. मेंदूवर चुंबकीय स्पंदन देऊन पायातून ठरावीक विलंबाने उत्तर येते का हे पाहिले की शंका बरीच मिटते.

कच्ची बाजूही तितकीच उघड आहे. एकाच वेळी चार गोष्टी केल्या गेल्या : व्रण काढला, पेशी टोचल्या, चेतेचा पूल बांधला आणि कसून व्यायाम केला. यातले एक वगळून काय झाले असते हे या रुग्णावरून कळत नाही. उजवीकडची पट्टी निव्वळ व्रणऊतकाची होती की तिच्यात मूठभर झोपलेले तंतू होते, हा आक्षेप टीकाकारांनी लगेच घेतला, आणि तो रास्त आहे. तपासणीत 'ए' असणाऱ्यांच्या मज्जारज्जूतही काही तंतू शाबूत असू शकतात हे शवविच्छेदनांतून माहीत आहे. चाकूने पडलेला छेद स्वच्छ असतो. अपघातात मज्जारज्जू चिरडला जातो, पोकळी पडते, इजा कित्येक सेंटिमीटर पसरते. बहुतेक रुग्ण दुसऱ्या प्रकारचे असतात. आमच्या मते या प्रकरणाने 'हे अशक्य नाही' एवढे दाखवले. 'हा उपचार आहे' हे त्यातून सिद्ध होत नाही.

त्याच नाकातून आलेला दुसरा निकाल

२०१४ मध्येच 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी : स्पाइन'मध्ये आणखी एका रुग्णाचा अहवाल आला. १८ व्या वर्षी छातीच्या दहाव्या-अकराव्या मणक्यांपाशी मज्जारज्जूला इजा झालेली तरुणी. तीन वर्षांनी तिच्या इजेच्या जागी नाकातील घ्राण-अस्तर बसवले गेले. आठ वर्षांनी तिला पाठदुखी सुरू झाली. चित्रणात मज्जारज्जूच्या आत गाठ दिसली, ती काढावी लागली. गाठीत अनेक पोकळ्या होत्या आणि त्यांत जाड, शेंबडासारखा द्रव भरला होता. सूक्ष्मदर्शकाखाली श्वसनमार्गाचे अस्तर, श्लेष्मा बनवणाऱ्या ग्रंथी आणि मध्ये मध्ये चेतांचे बारीक धागे सापडले. कर्करोग नव्हता. पेशींनी आपले नेहमीचेच काम इमानाने केले होते, फक्त नाकाऐवजी पाठीत.

दोन प्रकरणांतला फरक पेशी निवडण्याच्या टप्प्यात आहे. अस्तराचा तुकडा बसवला तर त्यात आवरण पेशी आणि मूलपेशींबरोबर ग्रंथीही जातात, आणि ग्रंथीला स्राव बाहेर टाकायला वाट नसेल तर गाठ होणारच. व्रोत्सवाफमध्ये कंद घेतला, ज्यात श्लेष्माग्रंथी नसतातच, आणि पेशी ताटलीत वाढवून मग टोचल्या. आठ वर्षांचा अवधीही लक्षात ठेवावा. १९ महिने निर्धोक गेले म्हणजे धोका टळला असे धरता येत नाही. दरवर्षी एमआरआय करत राहणे हा उपचाराचाच भाग समजायला हवा.

अनियंत्रित पेशींचे टोक गाठणारा अहवाल २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आहे. पक्षाघातानंतर ६६ वर्षांच्या एका गृहस्थांनी वेगवेगळ्या देशांतील दवाखान्यांत पैसे मोजून मज्जाद्रवात स्टेम सेल टोचून घेतल्या. त्यांच्या कण्यात वाढत जाणारा पेशीपुंज सापडला आणि त्यातल्या पेशी त्यांच्या स्वतःच्या नसून दात्याच्या होत्या. कोणत्या पेशी, त्यात किती टक्के काय, कोणत्या तपासण्या झाल्या आणि दहा वर्षे मागोवा कोण घेणार : या चार प्रश्नांची लेखी उत्तरे जो देत नाही, त्याच्या सुईखाली पाठ देऊ नये.

खऱ्या स्टेम सेलच्या चाचण्या

मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींची वाट वेगळी आहे आणि तिचे वेळापत्रकही. जेरॉन कंपनीने २०१० मध्ये भ्रूण-मूलपेशींपासून बनवलेल्या, मायलिन घालणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी पहिल्या रुग्णाला टोचल्या : छातीची इजा, एक ते दोन आठवड्यांच्या आत, २० लाख पेशी. पाच रुग्णांनंतर २०११ मध्ये कंपनीने आर्थिक कारणाने चाचणी थांबवली. टोकियोच्या केइओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या गटाने डिसेंबर २०२१ मध्ये आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मागे फिरवून बनवलेल्या मूलपेशींपासून) बनवलेल्या चेता-पूर्वज पेशी पहिल्यांदा रुग्णाच्या मज्जारज्जूत टोचल्या. पुन्हा २० लाखच, इजेनंतर १४ ते २८ दिवसांत. हा काळ निवडण्याचे कारण जैविक आहे : त्याआधी सूज इतकी असते की पेशी मरतात, त्यानंतर व्रण घट्ट होतो. चार रुग्णांपैकी दोघांत हालचाल सुधारल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. पण याच काळात आपोआप होणारी सुधारणाही होत असते, त्यामुळे चारांच्या गटावरून श्रेय वाटणे व्रोत्सवाफच्या एका रुग्णापेक्षाही अवघड. पेशी दात्याच्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात, आणि बदल न झालेली एखादी आयपीएस पेशी शिल्लक राहिली तर गाठीची भीती असते.

जुन्या इजेत मात्र फट आणि व्रण या दोन्हींचा प्रश्न सुटल्याशिवाय नुसत्या पेशी टोचून भागत नाही, आणि तिथे व्रोत्सवाफचा आराखडा अजूनही उपयोगी आहे. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातील गट नाकातून घेतलेल्या, शुद्ध केलेल्या घ्राण-आवरण पेशींचा ताटलीतच पूल घडवून तो इजेच्या जागी बसवण्याच्या तयारीने पुढे गेला आहे. त्यात कवटी उघडावी लागत नाही आणि सुईने शंभर जागी टोचावेही लागत नाही. व्रोत्सवाफच्या पथकाने २०१६ मध्ये पुढच्या दोन रुग्णांसाठी जगभरातून अर्ज मागवले तेव्हा मुख्य अट होती ती मज्जारज्जू पूर्णपणे तुटलेला असण्याची. उजवीकडची ती पातळ पट्टी असलेला रुग्ण या निकषात बसलाच नसता.